सात थांबे आणि माउंट आयझा

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनहून माउंट आयझाला विमानानं जायचे दोन मार्ग आहेत. थेट जेटनं गेलात तर अडीच तासांत काम होतं. दुसरं विमान म्हणजे ३४ आसनांचं, दोन पंख्यांचं साब ३४०. ते टुवुम्बा, चार्लव्हिल, क्विल्पी, विंडोरा, बर्ड्सव्हिल, बेडूरी आणि बूलिया अशा सात ठिकाणी उतरतं आणि पुन्हा उडतं. सकाळी निघालं की माउंट आयझाला टेकेपर्यंत दुपार कललेली असते. तेही आठवड्यातून दोनदाच. तिकडे सगळे त्याला ‘मिल्क रन’ म्हणतात, म्हणजे दारोदार थांबत जाणारी दूधवाल्याची फेरी.

मला बर्ड्सव्हिल आणि बूलियाच्या दवाखान्यांत काम होतं, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. मी बायोमेडिकल टेक्निशियन आहे. डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं), इन्फ्युजन पंप (शिरेतून औषध ठरावीक वेगानं सोडणारा), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा), ऑटोक्लेव्ह (उपकरणं वाफेनं निर्जंतुक करणारं) असली यंत्रं ठरलेल्या वेळी तपासायची, काही बिघडलं असेल तर सुटा भाग बदलायचा आणि यंत्रावर तारखेचं स्टिकर लावून पुढे जायचं, हा माझा धंदा. शहरात गाडीच्या डिकीत सामान टाकलं की झालं. बर्ड्सव्हिल ब्रिस्बेनपासून रस्त्यानं सुमारे १,६०० किलोमीटर लांब आहे आणि शेवटचा बराचसा टप्पा असा की वाटेत टायर फुटला तर मदतीची गाडी कधी येईल ते सांगता येत नाही.

निघायच्या आदल्या रात्री आटपाडीला आईला फोन केला आणि थांब्यांची यादी वाचून दाखवली. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “अगं, मग ते इमान हाय का एस्टी?” एवढं नेमकं वर्णन मला नंतर कुणाकडूनच ऐकायला मिळालं नाही. विमानात गाव कुठलंही असो, चढणारा माणूस आधीच बसलेल्यांकडे बघून मान हलवतो आणि निम्म्यांना तरी नावानं ओळखतो.

सामान बांधणं हाच या प्रवासातला खरा व्याप. विमान लहान, त्यामुळे किलोकिलोचा हिशेब. डिफिब्रिलेटर तपासायचं यंत्र, विजेच्या सुरक्षिततेचं दुसरं यंत्र, केबल्स, सुटे भाग हे सगळं एका पेटीत कोंबलं. सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानाच्या कप्प्यात टाकता येत नाहीत. त्या प्रत्येकीच्या टोकांना चिकटपट्टी लावून जवळच्या बॅगेत घेतल्या. गॅसचा छोटा सिलिंडर आणि जड सुटे भाग पंधरवडाभर आधीच मालट्रकनं रवाना केले होते. ट्रक पोचल्याचा दवाखान्याचा निरोप आल्याशिवाय मी तिकीटच काढलं नाही. माणूस पोचला आणि सामान वाटेत राहिलं, तर पुढचं विमान येईपर्यंत त्या माणसाचा काही उपयोग नसतो.

ही गोष्ट मार्च २०२५ च्या सुरुवातीची. विमान रेक्स कंपनीचं. २००१ मध्ये अॅन्सेट ही मोठी विमान कंपनी कोसळली, तेव्हा तिच्या छत्राखालच्या हेझल्टन आणि केंडल या दोन छोट्या कंपन्या एकत्र करून २००२ मध्ये रेक्स उभी राहिली. मोठ्या शहरांमध्ये बोइंग उडवायचा नाद तिला महागात पडला आणि ३० जुलै २०२४ ला ती दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेली. बोइंग थांबली, साब मात्र उडत राहिली, कारण ती थांबू देणं कुठल्याच सरकारला परवडणारं नव्हतं. केंद्र सरकारनं त्यासाठी कर्जाचा हात दिला. आमच्या ऑफिसात मात्र तिकीट काढताना दर वेळी कुणीतरी विचारायचंच, “उडणार ना नक्की?”

बर्ड्सव्हिलसारख्या मार्गावर धंदा म्हणून कुणीच विमान उडवणार नाही. क्वीन्सलँड राज्य सरकार असे काही मार्ग ठेक्यानं देतं. ठरावीक वर्षांसाठी एकाच कंपनीला हक्क मिळतो, फेऱ्या किती करायच्या ते सरकार ठरवतं आणि तुटीची भरपाई करतं. शहरातले लोक अधूनमधून कुरकुरतात की रिकाम्या खुर्च्या उडवायला आमच्या कराचे पैसे जातात. आमच्या विमानातही ब्रिस्बेनहून निघताना जेमतेम निम्मी आसनं भरली होती. पण तेवढ्यावरून हिशेब मांडायचा तर वाटेत कोण उतरलं आणि कोण चढलं तेही बघावं लागेल.

आत डावीकडे एकेक आसन, उजवीकडे दोन-दोन. पायलट दोघं, अटेंडंट एकटी. सगळे बसल्यावर तिनं डोकी मोजली, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि पुढच्या रांगेतल्या दोघांना मागे जाऊन बसायला सांगितलं. कुणी कारण विचारलं नाही. विमान हलकं असलं की वजन पुढे-मागे नीट वाटलेलं असावं लागतं. ही अदलाबदल पुढेही एका थांब्यावर झाली. साब ३४० चं उत्पादन १९९९ मध्ये बंद झालं, म्हणजे या ताफ्यातलं सगळ्यात तरुण विमानसुद्धा पंचविशी ओलांडलेलं. सुटे भाग मिळवण्यात काय यातायात होत असेल, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

टुवुम्बा लगेच आलं. ब्रिस्बेनहून गाडीनं दोन तासांवरच्या गावाला विमान कशाला उतरवायचं, असं वाटू शकतं. पण टुवुम्बात वसतिगृहांच्या शाळा आहेत आणि पश्चिमेकडच्या गुरांच्या स्टेशनांवरची, म्हणजे गुरं पाळायच्या अफाट मोठ्या वाड्यांवरची मुलं वरच्या इयत्तांसाठी तिथे येतात. दाराच्या पायऱ्यांवरून शाळेच्या गणवेशातली एक मुलगी चढली. अटेंडंटनं तिला विचारलं, “दातांच्या तारा काढल्या वाटतं?” मुलीनं दात दाखवले.

चार्लव्हिल हे विमानांच्या इतिहासातलं मानाचं गाव. क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीची स्थापना १९२० मध्ये याच राज्यातल्या विंटनमध्ये झाली आणि तिची पहिली नियमित टपालसेवा २ नोव्हेंबर १९२२ ला चार्लव्हिलहून क्लोनकरीकडे निघाली. दुसऱ्या दिवशी लाँगरीचहून पहिला तिकीटधारी प्रवासी बसला, ॲलेक्झांडर केनेडी, वय ८४. बैलगाड्यांच्या आणि घोड्यांच्या काळात हा मुलूख तुडवलेला म्हातारा. आज जगभर फिरणाऱ्या कंपनीनं सुरुवात केली ती या आडवाटेच्या गावांची पत्रं वाहून, हे मला तरी तिच्या नव्या झुळझुळीत जाहिरातींपेक्षा जास्त आवडतं.

चार्लव्हिलनंतर माझ्या पलीकडच्या आसनावर एक आजी येऊन बसल्या. एका डोळ्यावर भोकाभोकांचं प्लास्टिकचं झाकण, वर काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून बेडूरीला घरी निघालेल्या. सरकारी रुग्णालयापासून ५० किलोमीटरपेक्षा लांबच्या तज्ज्ञाकडे जावं लागलं तर क्वीन्सलँडमध्ये प्रवासाचा आणि राहण्याचा काही खर्च सरकार देतं. आजींकडे त्या अर्जाचे कागद एका फायलीत नीट लावलेले होते. “ऑपरेशन वीस मिनिटांचं,” त्या म्हणाल्या, “आणि त्याच्यासाठी घरापासून दहा दिवस लांब. कोंबड्या शेजाऱ्याकडे, कुत्रा पोलिसाकडे.” बेडूरीची वस्ती शंभर-सव्वाशे, त्यामुळे कुत्रा पोलिसाकडे ठेवणं तिथे सहज चालत असणार. त्यांना थेंब घालायची वेळ झाली तेव्हा अटेंडंटनं न सांगता येऊन बाटलीचं झाकण उघडून दिलं.

क्विल्पीला दुधी ओपल (एक चमकदार रत्न) सापडत नाहीत, तिथे सापडतात ते लोखंडी खडकात रंगाच्या शिरा अडकलेले. ही माहिती तिथे उतरणाऱ्या माणसानं उभ्याउभ्या दिली आणि खिशातून एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला. मी कौतुक करेपर्यंत त्यानं तो परत घेतलाही.

विंडोराच्या आधी खालचं चित्र बदलतं. थॉमसन आणि बारकू या दोन नद्या मिळून कूपर क्रीक तयार होते. दोन नद्या मिळून एक ‘क्रीक’, म्हणजे ओढा, हे ऑस्ट्रेलियातच चालतं. तिचं एक पात्र नाही. सपाट जमिनीवर शेकडो फाटे पसरलेले, मधे मधे हिरवे पट्टे, नाहीतर सगळं करडं-तांबडं. पाऊस झाला की हे सगळे फाटे एक होतात. आमच्यानंतर काही आठवड्यांनी, मार्चच्या शेवटी नेमकं तेच झालं. त्या पुरात लाखावर जनावरं गेली, रस्ते कितीतरी दिवस बंद राहिले आणि औषधं, अन्न, चारा हवेतून टाकावा लागला. मी वरून पाहिलं तेव्हा तिथे धूळ उडत होती.

विंडोराचा विमानतळ म्हणजे एक डांबरी पट्टी, एक छोटी इमारत आणि सावलीला पत्र्याचं छप्पर. सामान तपासणीचं यंत्र नाही, टॉवर नाही. या भागात पायलट आपसात ठरलेल्या रेडिओ वाहिनीवर बोलून कोण कुठून येतंय ते सांगतात आणि स्वतःच जागा ठरवतात. रात्री उतरायचं असेल तर रेडिओचं बटण ठरावीक वेळा दाबून धावपट्टीचे दिवे विमानातूनच लावतात. जमिनीवर असतो तो कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या पालिकेचा, एक माणूस. विमान यायच्या आधी तो गाडीनं पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन कांगारू आणि घारी हाकलतो. मग तोच सामान उतरवतो, तोच टपालाची पिशवी घेतो, आणि तो गेल्यावर विमानतळावर कुणीच उरत नाही. त्या दिवशी त्यानं उतरवलेल्या खोक्यांत एक दवाखान्याचं होतं, ‘थंड ठेवा’ असं लिहिलेलं. ते त्यानं सामानाबरोबर न ठेवता स्वतःच्या गाडीत, एसी चालू ठेवून, पुढच्या आसनावर ठेवलं आणि मग बाकीचं काम केलं.

पुन्हा उडायच्या आधी पायलटनं माफक शब्दांत सांगितलं की आज ऊन आहे, धावपट्टीवर थोडं जास्त धावू. गरम हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, त्यामुळे उन्हाळ्यात याच विमानाला कमी वजन नेता येतं. क्वीन्सलँडचा तापमानाचा विक्रम बर्ड्सव्हिलच्याच नावावर आहे: २४ डिसेंबर १९७२, ४९.५ अंश. किलोकिलोचा हिशेब का असतो ते तेव्हा कळलं.

बर्ड्सव्हिलला विमान गावातच उतरतं. पायऱ्या उतरून रस्ता ओलांडला की समोर १८८४ चं बर्ड्सव्हिल हॉटेल. सप्टेंबरात घोड्यांच्या शर्यतींना इथे हजारो माणसं येतात आणि हा परिसर खासगी विमानांनी भरून जातो. मार्चमध्ये तिथे मी, माशा आणि ऊन. हे गाव ज्या डायमंटिना कौन्सिलमध्ये येतं, तिचं क्षेत्रफळ सुमारे ९५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढं, आणि एकूण लोकसंख्या तीनशेच्या आत. दक्षिण ऑस्ट्रेलियाची हद्द गावापासून बाराएक किलोमीटरवर. तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात इथल्यापेक्षा अर्धा तास पुढे आणि हिवाळ्यात अर्धा तास मागे. माझा मोबाइल त्यामुळे गोंधळला नाही, पण हद्दीपलीकडच्या स्टेशनवरच्या माणसाची भेट ठरवताना मी गोंधळले.

दवाखाना नर्स चालवते. डॉक्टर फ्लाइंग डॉक्टर सेवेच्या विमानानं ठरलेल्या दिवशी येतात, एरवी फोनवर आणि पडद्यावर असतात. जॉन फ्लिन या पाद्र्याच्या खटपटीतून ही सेवा सुरू झाली, पहिलं उड्डाण १७ मे १९२८ ला क्लोनकरीहून, क्वांटासकडून घेतलेल्या विमानातून. माझं काम सुरू असताना नर्सबाईंनी फोनवर एका स्टेशनवरच्या माणसाला डॉक्टरांचा निरोप दिला. निरोपात औषधाचं नाव नव्हतंच, फक्त पेटीतला नंबर आणि किती गोळ्या. दूरच्या स्टेशनांवर औषधांची एक पेटी ठेवलेली असते, तिच्यातल्या प्रत्येक औषधाला नंबर असतो आणि सगळीकडे तोच नंबर. १९४२ पासून ही पद्धत चालू आहे. लांबलचक नावं खरखरत्या रेडिओवरून सांगण्यापेक्षा नंबर सोपा. ज्यानं हे सुचवलं त्याला मी मनातल्या मनात हात जोडले, कारण यंत्रांच्या मॉडेलची नावं फोनवर सांगताना आमचे काय हाल होतात ते आम्हालाच ठाऊक.

रात्री-अपरात्री स्टेशनवरच्या मातीच्या पट्टीवर विमान उतरवायचं झालं तर काय करतात, असं मी विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, “टॉयलेट रोल.” डब्यात टॉयलेट रोल ठेवून त्यावर डिझेल ओततात, पट्टीच्या दोन्ही बाजूंना असे डबे मांडतात आणि पेटवतात. चांगला वेळ जळतात. बॅटरीचे दिवे आता बऱ्याच ठिकाणी आहेत, पण रोल अजून कपाटात असतातच.

ऑटोक्लेव्हनं मात्र माझा घाम काढला. गावाचं पाणी खोल विंधन विहिरीतून येतं, बाराशेहून अधिक मीटरवरून, आणि वर येतं तेव्हा जवळजवळ उकळतं असतं. ते निववून नळाला सोडतात. क्षारांचं प्रमाण असं की कुणी घाईत साधं नळाचं पाणी एकदा जरी यंत्रात घातलं तरी आतून पांढरा थर धरतो. एका व्हॉल्व्हच्या तोंडाशी तो नखानं खरवडता येत होता. व्हॉल्व्ह बदलला, दाबाची चाचणी घेतली, शुद्ध पाण्याच्या कॅनवर मोठ्या अक्षरात सूचना चिकटवली.

काम संपलं, विमान नव्हतं. पुढच्या फेरीपर्यंत थांबणं आलं. अशा वेळी तुम्ही आपोआप गावाच्या कामाचे होता. हॉटेलच्या बर्फाच्या यंत्राचा थर्मोस्टॅट, कौन्सिलच्या हॉलमधला डिफिब्रिलेटर, कुणाचा तरी रक्तदाब मोजायचा पट्टा, हे सगळं माझ्यापुढे आलं. संध्याकाळी ऊन उतरलं की डायमंटिना नदीच्या काठानं चालायला जायचे. हा वांगकांगुरू यार्लुयांडी या मूळनिवासी लोकांचा मुलूख. वाळवंट पश्चिमेला सुरू होतं आणि त्याच्या तोंडाशीच ‘बिग रेड’ नावाची चाळीसेक मीटर उंचीची वाळूची टेकडी आहे. तिथवर मला नर्सबाईंनी त्यांच्या गाडीतून नेलं आणि वाटेत माझ्याकडून पोह्यांची कृती लिहून घेतली. पातळ पोहे की जाड, हा प्रश्न त्यांनी बरोबर जागी विचारला.

गावातलं सगळं विमानाच्या दिवसांभोवती फिरतं. दात दुखला तर विमानाचा वार कधी आहे हे आधी पाहतात. परीक्षेला जायचं, कोर्टात हजर राहायचं, गाडीचा छोटा भाग मागवायचा, सगळं त्या दोन दिवसांवर. बाळंतपण गावात होत नाही. दिवस भरायच्या कितीतरी आठवडे आधी बाईनं मोठ्या गावी जाऊन राहायचं असतं. माझ्याबरोबर बर्ड्सव्हिलहून अशीच एक बाई चढली. बरोबर डॉक्टरांचं पत्र आणि विणायच्या लोकरीची पिशवी. नवरा पायऱ्यांपर्यंत आला, गुरं गोळा करायचे दिवस असल्यामुळे तो महिनाभरानंच येणार होता. कौन्सिलच्या माणसानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आसनापर्यंत नेऊन दिली. तिच्यासाठी पुढची एकटी खुर्ची ठेवली होती आणि या खेपेला वजन जुळवायला मागे मी गेले.

बेडूरीला विमान थांबलं तेव्हा छपराखाली त्या आजी उभ्या होत्या. डोळ्यावरचं झाकण गेलेलं. शेजारणीला सोडायला आल्या होत्या, बरोबर कुत्राही होता. लांबूनच मला ओळखून त्यांनी डोळ्याकडे बोट दाखवलं आणि अंगठा वर केला. बूलियाला मी उतरले, दवाखान्यातली यंत्रं तपासली. तिथून माउंट आयझा सुमारे ३०० किलोमीटर आणि रस्ता चांगला आहे, म्हणून पुढच्या विमानाची वाट न बघता कौन्सिलच्या गाडीतून निघाले. खाणीची उंच चिमणी दिसायला लागली की शहर आलं. दुसऱ्या दिवशी जेटनं ब्रिस्बेन.

प्रवासखर्चाचं बिल आठवडाभरानं परत आलं. लेखा विभागाचा शेरा असा की बर्ड्सव्हिलचं काम एका दिवसाचं दिसतं, तर हॉटेलच्या इतक्या रात्री कशासाठी. मी उत्तरात काही लिहिलं नाही. विमानाचं वेळापत्रक जोडलं, दोन वारांवर पिवळी खूण केली आणि पाठवून दिलं. बिल मंजूर झालं. पुढच्या खेपेला मी निघेन तेव्हा सोबत एक यादी न्यायची आहे, गावातल्या कुठल्या कुठल्या यंत्रांना काय काय सुटे भाग लागतील त्याची. त्यात हॉटेलचं बर्फाचं यंत्र पहिल्या नंबरावर आहे.